सीमापार प्रवास आणि वैयक्तिक विदेचे संरक्षण

सीमापार प्रवासातील वैयक्तिक विदेचे संरक्षण म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात जाताना प्रवाशाच्या मोबाईल, लॅपटॉप, टॅबलेट, पेनड्राइव्ह आदी उपकरणांत साठवलेली खाजगी माहिती अनावश्यक तपासणी, नक्कल, जप्ती, चोरी किंवा गहाळ होणे यांपासून सुरक्षित राखण्यासाठी योजावयाचे कायदेशीर आणि तांत्रिक उपाय होत. देशाच्या अंतर्भागात पोलिसांना एखाद्या नागरिकाचा मोबाईल तपासण्यासाठी सामान्यतः काही कारण किंवा आदेश दाखवावा लागतो. सीमेवर मात्र बहुतेक देशांनी ही अट शिथिल केलेली आहे. सामानाची झडती घेण्याचा जुना सार्वभौम अधिकार सामानातल्या संगणकाच्या स्मृतीपर्यंत पोहोचतो की नाही, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत आंतरराष्ट्रीय विमानतळ नाही. येथील प्रवासी मुंबई, पुणे किंवा गोव्यामार्गे परदेशी जातात. उच्च शिक्षणासाठी जाणारे अभियांत्रिकीचे पदवीधर, आखातात नोकरी करणारे तंत्रज्ञ, युरोपात द्राक्षे पाठवणारे निर्यातदार आणि मुलांकडे काही महिन्यांसाठी जाणारे आईवडील असे या प्रवाशांचे स्वरूप आहे. हे दोन जिल्हे पूर्वी एकच होते. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

विदेचे स्वरूप

पूर्वीच्या प्रवाशाच्या पेटीत कपडे, शिधा आणि फार तर चार पत्रे असत. पेटी उघडली तरी घर उघडे पडत नसे. आजच्या मोबाईलची गोष्ट निराळी आहे. ग्रामीण भागातील एखाद्या कुटुंबप्रमुखाच्या मोबाईलमधील छायाचित्रांचा संग्रह चाळला, तर त्यात सातबारा आणि आठ-अ चे उतारे, घरातील सर्वांची आधार व पॅन कार्डे, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, वाटणीपत्राचा मसुदा, रक्ततपासणीचे अहवाल आणि विवाहासाठी आलेल्या स्थळांची माहितीपत्रके सापडतात. हे सारे व्हॉट्सअॅपवरून आलेले असते आणि ते आपोआप साठवले जाते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ हे नेहमीचे विधान या संदर्भात अपुरे ठरते. मोबाईल एकाच्या खिशात असला तरी त्यातील विदा अनेकांची असते. प्रवाशाने तपासणीस संमती दिली, तरी त्याच्या बहिणीच्या वैद्यकीय अहवालासंबंधी तिची संमती त्यात आलेली नसते. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ परिसरातील द्राक्ष निर्यातदाराच्या लॅपटॉपमध्ये शेकडो बागाईतदारांच्या नोंदणीची, बँक खात्यांची आणि दरांच्या बोलणीची माहिती असू शकते. वकील, डॉक्टर आणि पत्रकार यांच्यावर तर अशिलाचे, रुग्णाचे किंवा माहितीच्या स्रोताचे नाव उघड न करण्याचे व्यावसायिक बंधनही असते.

ऐतिहासिक पूर्वपीठिका

माहिती घेऊन सीमा ओलांडण्याचा प्रश्न या भागाला नवा नाही. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार, म्हणजेच पत्री सरकार, सातारा जिल्ह्यात कार्यरत होते. त्या वेळी जिल्ह्याच्या नकाशात औंध, सांगली, मिरज, जत, फलटण आदी संस्थानांची गावे मिसळलेली होती. ब्रिटिश मुलुखातील पोलिसांचे अधिकार संस्थानाच्या हद्दीत तसेच्या तसे चालत नसत. तुफान सेनेचे केंद्र असलेले कुंडल औंध संस्थानात होते, ही बाब भूमिगतांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय सीमा होती ती पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्याची. मिरज, लोंढा, कॅसलरॉक, मुरगाव हा लोहमार्ग या सीमेवरून जाई. कॅसलरॉक हे ब्रिटिश हद्दीतील शेवटचे स्थानक होते. नाना पाटील यांच्या कन्या हौसाबाई पाटील १९४४ मध्ये गोव्यात गेल्या. शस्त्रे आणताना पकडले गेलेले कार्यकर्ते बाळ जोशी पणजीच्या तुरुंगात होते. आपण त्यांची बहीण आहोत असे सांगून हौसाबाईंनी तुरुंगात त्यांची भेट घेतली आणि पलायनाची योजना लिहिलेला कागद अंबाड्यात लपवून आत नेला, असे त्यांनी वृद्धापकाळी मुलाखतीत सांगितले आहे. परतताना पोलिसांनी आपल्याला पाहिलेले आहे हे ध्यानी घेऊन त्यांनी रेल्वेचा मार्ग टाळला. मांडवी नदी ओलांडण्यास होडी मिळाली नाही, तेव्हा मध्यरात्री एका मोठ्या पेटीवर पालथे पडून, सहकाऱ्यांच्या मदतीने त्या पैलतीरी गेल्या आणि पुढे जंगलातून आल्या. हौसाबाईंचे निधन सप्टेंबर २०२१ मध्ये झाले.

या प्रसंगाची आजच्या परिस्थितीशी तुलना मर्यादितच करता येते. तो परकीय सत्तेविरुद्धचा लढा होता, तर आजच्या सीमेवर लोकशाही देशांचे कायदे चालतात. तपासनीसाशी खोटे बोलणे हा बहुतेक देशांत आज स्वतंत्र गुन्हा आहे. परंतु नेण्याच्या मजकुराचा आकार किती बदलला, हे या तुलनेतून ठळकपणे दिसते. अंबाड्यात मावलेला कागद एकाच कामापुरता होता. आजच्या उपकरणात प्रवाशाचा दहा वर्षांचा पत्रव्यवहार असतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

न्या. के. एस. पुट्टस्वामी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ अन्वये मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले. हा हक्क निरपवाद नाही. त्यावरील बंधनास कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता असली पाहिजे.

विमानतळावरील झडतीचा आधार सीमाशुल्क अधिनियम, १९६२ हा आहे. कलम १०० नुसार भारतात येणाऱ्या किंवा भारतातून जाणाऱ्या व्यक्तीने जप्तीस पात्र माल किंवा त्यासंबंधीचे कागद अंगावर लपवले आहेत असे मानण्यास कारण असेल, तर तिची झडती घेता येते. कलम १०२ नुसार अशा व्यक्तीला आपली झडती राजपत्रित सीमाशुल्क अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर व्हावी अशी मागणी करता येते. झडतीच्या वेळी पंच बोलवावे लागतात आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावयाची असते. कलम ११० अधिकाऱ्याला कार्यवाहीस उपयुक्त असलेले दस्तऐवज किंवा वस्तू जप्त करण्याचा अधिकार देते, त्याचबरोबर ज्याच्याकडून दस्तऐवज घेतले त्याला त्यांच्या प्रती काढून घेण्याचा हक्कही देते. कलम १०८ खाली चौकशीसाठी बोलावता येते. कलम १३८-क संगणकातून काढलेल्या मुद्रित प्रती पुरावा म्हणून कोणत्या अटींवर ग्राह्य धराव्यात हे सांगते.

हा कायदा लिहिला गेला तेव्हा ‘माल’ म्हणजे सोने, घड्याळे, कापड अशा वस्तू नजरेसमोर होत्या. मोबाईल ही जंगम वस्तू आहे यात शंका नाही. मात्र वस्तू तपासणे आणि वस्तूतील संवाद वाचणे यांत भेद करणारी स्पष्ट तरतूद या अधिनियमात नाही. सोन्याच्या तस्करीच्या प्रकरणांत मोबाईलमधील संभाषणे पुरावा म्हणून पुढे येतात आणि तेथे हा भेद प्रत्यक्षात कळीचा ठरतो.

कूटबद्ध माहिती उलगडून देण्याचा आदेश माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००, कलम ६९ खाली देता येतो. असा आदेश न पाळल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. तो देण्याचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे केंद्रात किंवा राज्यात गृह विभागाच्या सचिवाकडे असतो. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्रीय गृह मंत्रालयाने दहा यंत्रणांना या कलमाखाली प्राधिकृत केले. त्यांत महसूल गुप्तवार्ता संचालनालयाचा समावेश आहे. म्हणजेच तपासणीच्या मेजावरील अधिकाऱ्याने तोंडी मागितलेला पासवर्ड आणि कलम ६९ चा लेखी आदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पासवर्ड देण्याची सक्ती अनुच्छेद २०(३) मधील, स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यास भाग न पाडले जाण्याच्या हक्काचा भंग करते का, यावर न्यायालयांची मते भिन्न आहेत. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड (१९६१) या निकालात बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे ही ‘साक्ष’ नव्हे, असे अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने वीरेंद्र खन्ना प्रकरणात (२०२१) पासवर्डही त्याच प्रकारात बसवला. दिल्लीतील एका विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये उलट मत घेतले. पासवर्ड आरोपीच्या मनात असतो आणि तो सांगणे हे ज्ञान उघड करणे आहे, असा त्यामागचा विचार होता. ठसा आणि पासवर्ड यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही, हा युक्तिवाद अधिक सयुक्तिक वाटतो. अंतिम निर्णय मात्र सर्वोच्च न्यायालयाकडूनच यावयाचा आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे आवश्यक आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात संबंधित फाइलचे हॅशमूल्य नोंदवावे लागते. हॅशमूल्य म्हणजे फाइलमधील प्रत्येक अक्षरावरून गणिताने काढलेली खूण होय. एक अक्षर बदलले तरी ती पूर्ण बदलते. जप्तीनंतर उपकरणात कोणी काही घातले किंवा काढले नाही, हे यावरून पडताळता येते.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्याकडून सीमेवरील झडतीबाबत फार अपेक्षा ठेवता येत नाही. वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी व्यक्तीने बाळगलेली विदा त्याच्या कक्षेबाहेर आहे आणि गुन्ह्यांचा तपास व राज्याची सुरक्षा यांसाठी त्यात व्यापक सवलती आहेत.

प्रवासी सीमेवर पोहोचण्याआधीच त्याची काही विदा तेथे पोहोचलेली असते. ऑगस्ट २०२२ मधील विनियमांनुसार विमान कंपन्यांनी प्रवाशांच्या आरक्षणाची माहिती उड्डाणाच्या २४ तास आधी सीमाशुल्क विभागाच्या केंद्राकडे द्यावयाची असते. ती पाच वर्षांपर्यंत ठेवता येते.

इतर देशांतील व्यवस्था

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रायली विरुद्ध कॅलिफोर्निया (२०१४) या निकालात अटक झालेल्या व्यक्तीचा मोबाईल पाहण्यासही वॉरंट हवे असे म्हटले. सीमेवर मात्र हे तत्त्व पूर्णपणे लागू झालेले नाही. तेथील सीमाशुल्क व सीमासंरक्षण विभागाच्या ४ जानेवारी २०१८ च्या निर्देशानुसार अधिकारी संशयाविना उपकरण हाताने चाळू शकतो. बाह्य साधन जोडून प्रत काढावयाची असेल, तर वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचे कारण लागते. उपकरणावरच साठवलेली माहिती पाहावयाची असून क्लाउडवरील माहिती पाहावयाची नाही. त्यासाठी नेटजोडणी बंद करावी लागते. नकार देणाऱ्या अमेरिकी नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, पण त्याचे उपकरण ठेवून घेता येते. व्हिसावर आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला मात्र परत पाठवले जाऊ शकते. अशा तपासण्यांची संख्या २०१७ या आर्थिक वर्षात सुमारे ३०,२०० होती, ती २०२४ मध्ये ४७,००० च्या वर गेली. एकूण प्रवाशांच्या तुलनेत हे प्रमाण अत्यल्प आहे, ही गोष्टही तितकीच खरी. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण ज्याच्यावर वेळ येते त्याच्या दृष्टीने टक्केवारीला फारसा अर्थ उरत नाही.

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय येथून अमेरिकेला जाणाऱ्या विद्यार्थ्याची तपासणी तर व्हिसाच्या अर्जापासूनच सुरू होते. २०१९ पासून अर्जात मागील पाच वर्षांतील समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे द्यावी लागतात. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगितले जाते. अशा वेळी घाईने जुनी खाती लपवणे किंवा अर्जातून वगळणे हे खोटी माहिती देण्यात मोडते आणि त्याचे परिणाम मूळ मजकुरापेक्षा गंभीर होऊ शकतात.

ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायदा, २००० च्या सातव्या अनुसूचीखाली बंदर व विमानतळावर कोणालाही संशयाविना सहा तासांपर्यंत प्रश्न विचारता येतात. या चौकशीत पासवर्ड नाकारणे गुन्हा आहे. २०१७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने अशा नकाराबद्दल एका मानवी हक्क संघटनेच्या संचालकाला दोषी ठरवले. आपल्याजवळ एका पीडिताची गोपनीय माहिती असल्याचे त्याचे म्हणणे होते. न्यूझीलंडने १ ऑक्टोबर २०१८ पासून वेगळी वाट धरली. तेथे अधिकाऱ्याकडे संशयाचे वाजवी कारण असावे लागते, परंतु ते असताना पासवर्ड नाकारल्यास पाच हजार न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड होतो. कॅनडात अल्बर्टा प्रांताच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये मोबाईलला साधा ‘माल’ समजून अमर्याद झडती घेणे घटनाबाह्य ठरवले. युरोपातील शेंगेन देशांनी ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरील प्रवाशांच्या चेहऱ्याची व बोटांच्या ठशांची नोंद घेण्यास प्रारंभ केला आहे.

आखाती देशांत धोका वेगळ्या बाजूने येतो. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या सायबर गुन्हे कायद्यानुसार दुसऱ्याचे छायाचित्र त्याच्या संमतीविना काढणे किंवा पुढे पाठवणे गुन्हा ठरू शकते. गावाकडच्या गटावरून आलेला विनोद किंवा चित्रफीत येथे दुर्लक्षिली जाते, ती तेथे मोबाईलमध्ये असणे अडचणीचे होऊ शकते.

तांत्रिक उपाय

सर्वांत परिणामकारक उपाय साधाच आहे. जी विदा सोबत नाही, ती तपासलीही जात नाही आणि हरवतही नाही. निघण्यापूर्वी उपकरणाची पूर्ण प्रत घरी बाह्य डिस्कवर घेऊन ठेवावी आणि प्रवासात लागेल तेवढीच माहिती सोबत न्यावी. काही संस्था कर्मचाऱ्यांना केवळ प्रवासासाठी कोरा लॅपटॉप देतात. ज्यांना दुसरे उपकरण परवडत नाही, त्यांनी निदान कुटुंबाची कागदपत्रे, व्हॉट्सअॅपची जुनी माध्यमे आणि न लागणारी खाती मोबाईलमधून हलवावीत. आधारची प्रत न्यावयाचीच असेल, तर केवळ शेवटचे चार अंक दाखवणारी झाकलेली प्रत न्यावी.

नुसते ‘डिलीट’ केल्याने फाइल नष्ट होत नाही. बऱ्याचदा ती काही काळ कचरापेटीत राहते. संगणकाच्या जुन्या डिस्कवर तर ती विशेष साधनांनी परत मिळवता येते. आधुनिक मोबाईलमध्ये माहिती कूटबद्ध असते. उपकरण मूळ स्थितीत आणल्यावर कूटबद्धतेची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे तो मार्ग अधिक भरवशाचा आहे. मेमरी कार्ड बहुधा कूटबद्ध नसते. मोबाईलला भक्कम कुलूप लावून खिडकी उघडी ठेवावी, तसे ते राहते.

आयफोनमध्ये २०१४ पासून आणि अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीसह आलेल्या नव्या मोबाईलमध्ये साठवण मुळातच कूटबद्ध असते. विंडोजच्या घरगुती आवृत्तीत बिटलॉकर पूर्ण स्वरूपात मिळत नाही, त्यामुळे लॅपटॉपची तपासणी स्वतः करावी लागते. बिटलॉकर असेल, तर त्याची पुनर्प्राप्ती किल्ली लॅपटॉपच्याच पिशवीत कागदावर लिहून ठेवणे निरर्थक आहे.

कूटबद्धतेचा पूर्ण लाभ उपकरण बंद असतानाच मिळतो. चालू करून एकदा उघडलेल्या मोबाईलच्या स्मृतीत किल्ल्या तयार असतात. पडद्यावर कुलूप दिसत असले, तरी न्यायवैद्यक साधनांना अशा स्थितीत अधिक माहिती काढता येते. पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलेला मोबाईल पासकोड मिळेपर्यंत बोटाचा ठसा किंवा चेहरा स्वीकारत नाही. म्हणून तपासणीच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी उपकरण बंद करण्याचा सल्ला दिला जातो. चार अंकी जन्मसालाऐवजी किमान सहा अंकांचा, शक्यतो अक्षरे मिसळलेला पासकोड ठेवावा.

भारतीय प्रवाशाची एक खास अडचण परदेशी मार्गदर्शिकांत आढळत नाही. यूपीआयची अॅप्स नोंदणीकृत सिमकार्डावरून संदेश पाठवून उपकरणाशी जोडली जातात. तपासणीच्या भीतीने मोबाईल कोरा केला आणि परदेशात उतरल्यावर रोमिंग सुरू नसले, तर ही जोडणी पुन्हा होत नाही आणि बँकेचे ओटीपीही येत नाहीत. म्हणून उपकरण मोकळे करण्याचे काम निघण्याच्या किमान आठवडाभर आधी करावे आणि सर्व आवश्यक अॅप्स चालतात याची घरीच खात्री करावी.

सैनिकांचे घर

सातारा जिल्ह्यातील आपशिंगे (मिलिटरी) या गावातून पिढ्यान्‌पिढ्या लोक सैन्यात जात आले आहेत. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ मध्ये स्थापन झाली. अशा भागात वैयक्तिक विदा आणि लष्करी माहिती यांची सरमिसळ सहज होते. जुलै २०२० मध्ये भारतीय सैन्याने जवानांना आपल्या मोबाईलमधून ८९ अॅप्स काढून टाकण्यास सांगितले. त्यात फेसबुकही होते. सूचना जवानाला असते, घरच्यांना नसते. मुलाने नेमणुकीच्या ठिकाणाहून पाठवलेले छायाचित्र आईच्या मोबाईलमध्ये राहते. दुसऱ्या मुलाकडे परदेशी जाताना ते आईबरोबर सीमा ओलांडते. छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कोठे काढले त्याचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ही नोंद बंद करता येते.

तपासणीच्या वेळी आणि नंतर

उपकरण मागितले गेल्यास ते कोणत्या कायद्याखाली मागितले आहे आणि उघडून देणे बंधनकारक आहे की ऐच्छिक, हे सौम्य शब्दांत विचारता येते. पासकोड देण्याचा निर्णय झाला, तर तो सांगण्याऐवजी स्वतः टाकून द्यावा. उपकरण ठेवून घेतले जात असेल, तर पंचनाम्याची किंवा पावतीची प्रत, अधिकाऱ्याचे पदनाम व तारीख घ्यावी. उपकरणाचा आयएमईआय क्रमांक त्या कागदावर आहे हे पाहावे. *#०६# दाबल्यास हा क्रमांक पडद्यावर दिसतो. तो घरी वहीत लिहून ठेवलेला असावा. कारण मोबाईल चोरीला गेल्यास संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून तो भारतीय जाळ्यांवर बंद करण्यासाठी हा क्रमांक आणि पोलीस तक्रारीची प्रत लागते.

नजरेआड गेलेले उपकरण परत मिळाल्यावर ते पूर्वीसारखेच आहे असे गृहीत धरू नये. दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून ई-मेल व बँकेचे पासवर्ड बदलावेत, खात्यांत कोणकोणती उपकरणे जोडलेली दिसतात ते तपासावे आणि परत मिळालेला मोबाईल मूळ स्थितीत आणून घरच्या प्रतीवरून पुन्हा भरावा. उपकरण एखाद्या खटल्यात पुरावा ठरण्याची शक्यता असल्यास मात्र वकिलाच्या सल्ल्याशिवाय ते पुसू नये. तसे करणे पुरावा नष्ट करणे समजले जाऊ शकते.